मी अंगाई समजले होते

"अहो, हसताय काय असे? अंगाई आहे ती!" मी आचाऱ्याला म्हटलं.

आमच्या हॉटेलच्या स्वयंपाकघरातला हा आचारी आफ्रिकेतून आलेला. धुतलेले ॲप्रन न्यायला इस्त्रीखान्यात आला आणि माझं गुणगुणणं ऐकून पोट धरून हसत सुटला. गाणं भाचीने मोबाईलमध्ये भरून दिलेलं. भाषा कळेना, पण चाल इतकी झुलती, की महिनाभर मी नातीला त्यावरच झोपवत होते.

"मावशी, हे आमच्याकडचं रेगे, बंडाचं गाणं. हे म्हटलं म्हणून माणसं तुरुंगात गेली."

"अगं बाई! असं आहे तरी काय त्यात?"

त्याने गाण्याचा अर्थ तोडक्यामोडक्या मराठीत सांगितला. "साहेब, रस्ता आम्ही बांधला, गाडी तुमची गेली. आता आम्ही रस्त्यातच बसतो."

माझ्या इस्त्रीखालचा टेबलक्लॉथ जळता जळता वाचला. इतक्या गोड चालीत इतकं तिखट! ना आरडाओरडा, ना शिवीगाळ. आणि मी मेली बावीस वर्षं मूग गिळून गप्प. दोन महिन्यांपूर्वी सुपरवायझरने आमची स्टुलं उचलून नेली. बसलं की कामं रेंगाळतात म्हणे! दिवसभर उभं राहून पाय असे सुजायचे, की संध्याकाळी चपलेचा पट्टा लागायचा नाही. परवा तर आमच्यातली थोरली चक्कर येऊन पडली. तरी सगळ्या गप्प, मीही गप्प. लाज वाटली मला माझीच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मोबाईल फळीवर ठेवला, गाणं लावलं, बायकांना अर्थ सांगितला. मग इस्त्री बंद करून सरळ फरशीवर बसले. नोकरी गेली तर खाणार काय? पण थोरली येऊन शेजारी टेकली. मग घड्या घालणाऱ्या दोघी. मग सगळ्याच.

सुपरवायझर धावत आला. "उठा! दुपारी मोठी पार्टी आहे. टेबलक्लॉथ कोण करणार?"

"करू की. स्टुलं आणा, बसून करू."

"एकेकीला घरी बसवीन!"

"बसवा. मग इस्त्री तुम्हीच धरा."

त्या बाबाने खरंच धरली! पहिल्याच टेबलक्लॉथवर हाताएवढा पिवळा डाग पाडला. आम्ही हसून हसून बेजार. तेवढ्यात आचारी दारात उभा राहून गाऊ लागला आणि आम्हीही जमेल तसा सूर लावला. मॅनेजर आले, त्यांनी डाग पाहिला, घड्याळ पाहिलं.

"स्टुलं देऊन टाका यांची," ते सुपरवायझरला म्हणाले.

धूळ खात पडलेली सातही स्टुलं त्यानेच वाहून आणली. आम्ही आधी थोरलीला बसवलं. पार्टीच्या आत सगळे टेबलक्लॉथ कडक करून दिले, एकही सुरकुती नाही.

संध्याकाळी निघताना सवयीने चपलेचा पट्टा ओढायला वाकले. ओढावा लागलाच नाही. सहज लागला.