एकाच दीर्घिकेची दोन अंतरं

नवऱ्याशी बोलायला मला ऑफिसातून बंदी होती, असं सांगितलं की लोक हसतात. हसू देत. पहिले काही महिने मीही हसतच होते.

बंदी सगळ्या बोलण्यावर नव्हती, फक्त कामाच्या बोलण्यावर. पण आम्ही दोघं एकाच वेधशाळेत, एकाच गटात, एकाच दीर्घिकेवर काम करणारे. आमचं लग्न जमलं तेही एका आलेखावरून कडाक्याचं भांडण झालं म्हणून. मूलबाळ नाही, बागेची हौस नाही, सिनेमाला गेलो तर दोघंही पेंगतो. यातून कामाचं बोलणं वजा केलं तर घरात शिल्लक काय उरतं, हे आम्हाला कुणी विचारलं नाही. आम्हीही विचारलं नाही.

काम समजायला अवघड नाही. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की फुगतो, तांबडा होतो आणि उजळत जातो. त्याला लाल राक्षसी तारा म्हणतात. नाव भयंकर, स्वभाव मात्र एखाद्या जुन्या कारकुनासारखा नेमस्त. उजळता उजळता तो एका ठरावीक मर्यादेला पोचतो आणि तिथून एकदम मंदावतो. ही मर्यादा जवळपास सगळीकडे सारखीच. म्हणून लांबच्या दीर्घिकेतले असे हजारो तारे मोजायचे, त्यांतले सगळ्यांत तेजस्वी आपल्याला किती फिके दिसतात ते बघायचं आणि त्यावरून दीर्घिका किती दूर आहे ते काढायचं. बाकी सगळी कटकट. दीर्घिकेच्या आतल्या भागात धूळ असते, ती ताऱ्यांना उगाच फिकं करते. गर्दी असते, दोन तारे चिकटून एकच दिसतात आणि उगाच उजळ वाटतात. बाहेरच्या विरळ भागात या भानगडी नाहीत, पण तिथे तारेच मोजके.

आमच्या गटप्रमुख बाईंना सगळे पाठीमागे मुकादम म्हणतात. त्यांनी आतली गर्दी नवऱ्याकडे दिली आणि बाहेरची विरळ वस्ती माझ्याकडे. दोघांनी आपापल्या ताऱ्यांवरून अंतर काढायचं, आकडा मुकादमांकडे जमा करायचा आणि दोन्ही आकडे एकाच दिवशी सगळ्यांसमोर उघडायचे. तोवर एकमेकांजवळ त्याबद्दल अवाक्षर काढायचं नाही. कारण दुसऱ्याचा आकडा कानावर पडला की माणूस नकळत तिकडे झुकतो. एखादा तारा मोजणीत घ्यावा की टाकावा, असा प्रश्न आला की हात आपोआप सोयीचं उत्तर देतो. हे लबाडांचंच होतं असं नाही, सगळ्यांचं होतं.

"तुम्ही नवराबायको, म्हणून विचारते," मुकादम म्हणाल्या. "जमेल ना? की दुसऱ्या कुणाला देऊ?"

"न जमायला काय झालं?" मी म्हणाले. पुढे पुढे करायची खोड माझीच.

सुरुवातीला मजा आली. जेवताना तो म्हणायचा, "आज काय झालं माहितेय—" आणि मी त्याच्या तोंडावर हात ठेवायचे. मग तो नुसत्या भुवया उडवून दिवस कसा गेला ते सांगायचा. मी हसून हसून बेजार व्हायचे. घरी दोघांच्या खोल्या वेगळ्या केल्या, एकमेकांच्या संगणकाचा पडदा दिसू नये म्हणून. मग भुवया थांबल्या. कधी थांबल्या ते लक्षात राहिलं नाही.

कामाचं बोलणं बंद केलं की बाकीचं उरतं, असं मला वाटलं होतं. ते खोटं आहे. "दमलीस का?" याचं उत्तर कामात होतं. "आज खूश दिसतोस" याचंही कामातच. त्यामुळे ते प्रश्नच बंद झाले. राहिलं काय, तर दूध आणलं का, किल्ली कुठे ठेवलीस, तुझ्या आईचा फोन येऊन गेला. सासूबाईंच्या गुडघ्यावर आम्ही त्या काळात इतकं बोललो, की तो गुडघा नसता तर आमचं कठीण होतं.

माझी धाकटी बहीण फोनवर म्हणाली, "ताई, एका घरात राहून एकमेकांशी बोलत नाही, याला आमच्याकडे भांडण म्हणतात."

"आमच्याकडे याला पद्धत म्हणतात," मी म्हणाले आणि फोन ठेवून रडले. एकटी माणसं एकटी असतात ते समजतं. मला भिंतीपलीकडे त्याची खुर्ची सरकलेली ऐकू यायची, खोकला ऐकू यायचा, आणि मी त्याच्यासाठी झुरत होते. हे सांगायचं तरी कुणाला? सांगितलं असतं तर पुन्हा हसले असते.

मग मी साठवायला लागले. अमुक दिवशी प्रतिमेत किती गोंधळ झाला, तमुक माणसाने चर्चेत काय अकलेचे तारे तोडले, सगळं त्याच्यासाठी राखून ठेवायचं. आंघोळ करताना मी ते त्याच्याशी बोलल्यासारखं बोलून बघायचे. आकडे उघडले की एकदाचं सगळं सांगणार होते. साडेतीन वर्षं मी त्या दिवसावर जगले.

माझा आकडा मी एका हिवाळ्यात जमा केला. मुकादम म्हणाल्या, "थांब. त्या बाजूला अजून वेळ हवाय." मी थांबले. गर्दीतलं काम चिकट असतं, त्याचे हाल चाललेत, बिचारा, असं म्हणून मी त्याच्या दारावरून पाय न वाजवता जायचे. उन्हाळा गेला. पुन्हा थंडी पडली.

शेवटी तो दिवस उजाडला. सभागृहात चाळीसेक माणसं, समोर पडदा. मुकादमांनी आधी त्याचा आकडा दाखवला, मग माझा. आतून आणि बाहेरून, दोन वेगळ्या वाटांनी काढलेली अंतरं इतकी जवळ आली की मागच्या रांगेतून कुणीतरी शिट्टी मारली. टाळ्या पडल्या. नवरा माझ्याकडे बघून हसला. माझा जीव भांड्यात पडला.

नंतर चहाच्या टेबलाशी मुकादम मला म्हणाल्या, "नवरा फारच सावध आहे हं तुझा. आकडा तुझ्याही आधी आणून दिला होता. पण उघडू म्हटलं की याचं आपलं, थांबा, पुन्हा एकदा तपासतो. इतकं तपासून हललं काहीच नाही."

मी कप खाली ठेवला.

संध्याकाळी आम्ही चालत घरी निघालो. रस्त्यावर दिवे नुकतेच लागले होते. मी आधी साठवलेलं सांगायला घेतलं. एक सांगितलं, तो हसला. दुसरं सांगितलं, त्यावरही हसला, थोडं उशिरा. तिसरं सांगताना मलाच ते कंटाळवाणं वाटायला लागलं. त्याने त्याच्या धुळीच्या हिशेबाबद्दल सांगितलं. नीट, मुद्देसूद, पाहुण्याला सांगतात तसं. पूल ओलांडेपर्यंत आमचं दोघांचंही संपलं होतं.

"तुझं काम कधीच झालं होतं," मी म्हणाले.

तो चालत राहिला.

"मी वर्षभर वाट बघत होते. तुला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं."

"मग?"

"नियम होता तोवर आपण बोलत नाही याला काही कारण होतं," तो म्हणाला. "तो उठल्यावर काय, याची धास्ती वाटत होती."

त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं. पण ओरडू कशावर? तो खरं बोलत होता. साडेतीन वर्षांत त्याने मला सांगितलेली पहिली मनातली गोष्ट ही होती. घरी जेवलो. पहिल्यांदाच कशाचीही बंदी नव्हती आणि भांड्यांचा आवाज मला सहन होईना. काहीतरी बोल, काहीतरी बोल, असं मी स्वतःला बजावत राहिले. मग सासूबाईंचा गुडघा काढला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुकादमांनी दोघांना खोलीत बोलावलं. त्या भलत्याच खुशीत होत्या. दुर्बिणीवर नवी वेळ मिळाली होती, आणखी एक दीर्घिका, पहिलीपेक्षा लांब. पुन्हा दोन भाग, पुन्हा आत आणि बाहेर.

"या वेळी तुमच्यावर जबरदस्ती नाही," त्या म्हणाल्या. "फार ताण पडला असेल घरी. एक भाग दुसऱ्या कुणाला देते, मग तुम्ही दोघं मिळून एकच बाजू सांभाळा. खुशाल बोला, काय हवी ती चर्चा करा."

नवरा टेबलाच्या कडेकडे बघत होता. त्याच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या. मी त्याला इतकं घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी स्वतःही तशीच दिसत असणार.

"नको," मी म्हणाले. "पहिल्यासारखंच ठेवा. नियम तोच राहू दे."

"नक्की?"

"नक्की," तो म्हणाला. त्यांचा प्रश्न पुरता संपायच्या आत.

मुकादम खूश झाल्या. कामासाठी इतका त्याग करणारं जोडपं आपण पाहिलं नाही, असं काहीसं म्हणाल्या. आम्ही दोघं मान डोलावत होतो.

त्या संध्याकाळी घरी जाताना तो किती मोकळा झाला होता! शेजारच्यांच्या कुत्र्याची नक्कल केली, माझ्या हातातली पिशवी घेतली, थंडी कशी लवकर पडली यावर पुलापासून दारापर्यंत बोलला. मीही बोलत होते. आणि त्याचा हात धरावासा वाटला तेव्हा मी दोन्ही हात खिशात घातले.