घशाला चावणारं तेल

रामरावकाकांची छाती उन्हात चमकत होती. माणिकमावशी नवऱ्याच्या खाटेच्या कडेला बसून दोन्ही तळव्यांनी ती चोळत होती, खालून वर, खांद्यापर्यंत आणि परत. आमच्या रश्मीताईच्या बाळाला मालीश करते ना, अगदी तशी. आज ती बाळाकडे आलीच नाही, म्हणून मी तिला बोलवायला गेले होते.

खाटेखालची बाटली ओळखीची निघाली. बाळाच्या मालीशला असतं तसलंच ऑलिव्ह तेल, मेडिकलमधलं.

"मावशी, हे काकांना काहून?"

"याईले झटका येऊन गेला न, तवा अकोल्याच्या डाक्टरनं सांगतलं. हे तेल दिलाले लय चांगलं म्हने."

"अन् दिल तं इथंच असते," काका पडल्या पडल्या म्हणाले. "छाती कशी मोकळी वाटून राहिली. गोळ्यायनं चक्कर येते, त्या सोडूनच देल्या."

"माह्या हाताले गुण हाये म्हन्ते हे," मावशी लाजत म्हणाली.

येत्या शनिवारच्या शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात माझा विषय हेच तेल होता. आरशासमोर मी ते भाषण धडाधड म्हणत होते, आणि हल्ली मला कुणासमोर बोलायची भीती वाटत नाही. पण मावशीचा तो लाजरा चेहरा बघून मी हळूच म्हणाले,

"मावशी, ते लावायचं नसतं. खायचं असतं. आणि गोळ्या सोडून नाही, गोळ्यांसोबत."

तिचे हात थांबले. मग तिनं बाटली उचलली. "मंग हेच टाकू भाकरीवर."

मी झडपच घातली. "हे नाही, हे फक्त अंगाला. थांबा, आलेच मी."

पळत घरी गेले. साधनाआत्यानं प्रदर्शनासाठी अमरावतीहून पाठवलेली खायच्या ऑलिव्ह तेलाची गडद हिरवी बाटली घेऊन आले आणि चमचाभर तेल काकांना दिलं. त्यांनी गिळलं आणि खोकत उठून बसले. डोळ्यांत पाणी.

"पोरी, हे तं खराब निघालं. घशाले चावते."

"तेच तर पाहिजे, काका." आता मात्र मला थांबवणं कुणाच्या हातात नव्हतं. "उन्हापासून, किड्यांपासून फळ जपायला ते झाड कडवट द्रव्यं तयार करतं. ती तेलात उतरतात, तीच घशाला चावतात. आपल्या रक्तातली चरबी खवट होऊ नये म्हणून तीच मदत करतात. तेल जुनं झालं, चावेनासं झालं, की समजायचं राखणदार गेला."

काका चमच्याकडे बघत राहिले. जन्म त्यांचा अकोटच्या जिनिंगात कापूस दाबण्यात गेलेला.

"कुठल्या मुलखातलं झाड," ते हळूच म्हणाले. "सोताच्या फळासाठी राखन ठेवते, अन् कामी येते माह्या दिलाच्या."

हे मी कितीदा तरी वाचलं होतं. अंगावर काटा मात्र तेव्हा आला.

मावशी चमच्याकडे बघतच नव्हती. पदरानं एकेक बोट पुसत होती.

"म्हंजे इतके दिस मी नुसतीच चोळून राहिली."

मी खाटेवरचा काकांचा मोबाईल उचलला.

त्यावरून अकोल्याच्या डॉक्टरांना फोन लावला. ते आधी रागावले. मग म्हणाले, गोळ्या आत्ताच सुरू करा, उद्या दाखवायला या, चक्कर येते तर बदलून देतो. मावशीनं फडताळातून गोळी आणली, पाण्याचा गडवा दिला. काकांनी गोळी गिळली आणि परत खाटेवर आडवे झाले.

"अवं, थांबली काहून?"

"तेल तं खायचं हाये म्हन्ते न पोरगी."

"मंग बिनतेलाचं चोळ."

मी माझी बाटली मावशीच्या चुलीजवळ ठेवली आणि फाटक न वाजवता बाहेर पडले. कोरड्या तळव्यांची खसखस गल्लीच्या वळणापर्यंत ऐकू येत होती.