विश्वास वाढला

वल्लरीच्या आणि माझ्या खुणा दोनशे बारा ठिकाणी जुळल्या नाहीत. तिथून सगळं सुरू झालं.

आम्ही नेदरलँड्समध्ये, नायमेखनला राहतो. दोन हजार एकवीसच्या फेब्रुवारीत, इथे संध्याकाळची संचारबंदी होती तेव्हा, वल्लरी आमच्या माळ्यावरच्या खोलीत राहायला आली. मूळची ठाण्याची, इथल्या विद्यापीठात पीएच.डी. करणारी. ती राहायची त्या विद्यार्थ्यांच्या घरात तिघांना करोना झाला, म्हणून मीच म्हटलं, ये इकडे. तिचा विषय असा की, जिथे सरकारविरुद्ध बोलायची सोय नाही अशा एका देशात लोकांचा सरकारवर किती विश्वास आहे, ते मोजायचं. त्या देशाचं नाव मी लिहीत नाही. बावीस वर्षं एकच माणूस सत्तेवर आहे, एवढं पुरे.

"मग लोक खरं कशाला सांगतील गं?" मी पहिल्याच दिवशी विचारलं.

"तोच तर विषय आहे, काकू!"

तिच्या विभागानं तिथल्या अकराशे माणसांना फोन केले होते. प्रश्न साधा होता. साथ आल्यापासून सरकारवरचा तुमचा विश्वास वाढला, कमी झाला, की तसाच राहिला? आणि मग, का? हे 'का' लोकांच्याच शब्दांत टिपून घेतलं होतं आणि युट्रेख्टच्या एका गृहस्थांनी ते इंग्रजीत आणलं होतं. आता प्रत्येक उत्तर वाचून खूण करायची होती: विश्वास आहे, नाही, की कळत नाही. नियम असा की दोघांनी वेगवेगळं बसून खुणा करायच्या आणि मग ताडून बघायचं. मी पुण्यात ज्युनियर कॉलेजात संख्याशास्त्र शिकवत असे, म्हणून दुसरी मी. विद्यापीठाच्या गोपनीयतेच्या कागदावर सही केली आणि बसले.

पूजा आणि पोथीचा एक अध्याय होईपर्यंत मी सकाळी बोलत नाही. वल्लरी जिन्यावरून विचारायची, "काकू, म्यूट निघाला का?" मग आमचे हे आतून ओरडायचे, "निघाला की कळेलच तुला!" ह्यांची चिपच्या कंपनीतली मीटिंग चालू असायची आणि त्यांचा स्वतःचा म्यूट हमखास काढलेला असायचा.

गुरुवारी दुपारी आम्ही ताडून बघायला बसलो. शुक्रवारी अहवाल तिच्या प्राध्यापिकेकडे जायचा होता. त्याचं नावही ठरलं होतं: साथीच्या काळात विश्वास वाढला. अठ्ठ्याहत्तर टक्के लोकांनी तसं सांगितलं होतं. त्या देशातली वर्तमानपत्रं हा आकडा पहिल्या पानावर छापणार, हे वल्लरीलाही ठाऊक होतं. पण ती म्हणायची, आकडा आहे तो आहे.

"ही बघा," ती म्हणाली. "'दुकानात पीठ वाढलं. दोन तास रांगेत उभी राहून तशीच परत आले.' मी लिहिलंय, आहे. तुम्ही, नाही. असं का?"

"पीठ होतं तर तशीच का परत आली?"

"गर्दी असेल. बरं, ही? 'दवाखान्यात खाटा वाढल्या, म्हणून वडिलांना घरीच ठेवलं.' खाटा वाढल्या म्हणजे सोय झाली ना?"

"अगं, खाट मिळाली असती तर घरी कशाला ठेवलं असतं?"

"भाषांतराची चूक असणार."

"दोनशे बारा वेळा?"

ती वैतागली. मी चहा ठेवायला उठले. साखरेचा डबा उघडला, तर तळाला आलेला, आणि तिथेच थांबले.

"वल्लरी, तुझी आई घरातलं कुंकू संपलं तर काय म्हणते?"

"संपलं म्हणते." मग जरा थांबून, "नाही. वाढलं म्हणते. कुंकू वाढलं, आणून दे."

"आणि बांगडी फुटली की?"

"वाढली." तिचा हात तोंडावर गेला. "काकू! म्हणजे पीठ... म्हणजे त्या अठ्ठ्याहत्तर टक्क्यांनी..."

"सगळ्यांचं माहीत नाही मला. पण विचारून तर बघ."

तिनं तिथूनच युट्रेख्टच्या गृहस्थांना व्हिडिओ कॉल लावला. सत्तरीचे असतील. अकराव्या वर्षी आईवडिलांबरोबर तो देश सोडलेला, पुढची भाषा सगळी पुस्तकांतून शिकलेले. वल्लरीनं पिठाचं उत्तर वाचून दाखवलं. त्यांनी ते पुन्हा एकदा वाचायला सांगितलं. मग चष्मा काढला.

"माझी आजी मीठ संपलं की असंच म्हणायची," ते म्हणाले. "संपलं म्हणायचं नसतं घरात. मी विसरलोच होतो. एकेक उत्तर सुटं यायचं, मी शब्दाला शब्द ठेवत गेलो." मग त्यांनी विचारलं, "हे छापणार तुम्ही?"

"अर्थात! हे कुणालाच सापडलेलं नाही. सगळे म्हणतात भीतीपोटी लोक खोटं बोलतात. हे खोटं बोलतच नाहीयेत!"

"माझी बहीण तिथे असते," ते म्हणाले. "डिसेंबरात फोनवर मला म्हणाली, आमच्याकडे सगळं वाढलंय. मी म्हटलं, छान, देवाची कृपा." त्यांनी चष्मा पुसला. "आता तिला फोन करतो. पण तुम्ही छापलंत तर फोन ऐकणाऱ्यांनाही अर्थ कळेल. मग पुढच्या वेळी तिनं मला कोणत्या शब्दात सांगायचं?"

कॉल संपल्यावर वल्लरी खोलीत येरझाऱ्या घालू लागली.

"माझं इथे राहण्याचं परमिट ऑक्टोबरात संपतंय, काकू. हा एक पेपर आला तर मला कुठेही नोकरी मिळेल. आणि हे खरं आहे! खरं लपवायचं?"

"मी लपव म्हटलं नाही."

"मग काय करू? तुम्ही सांगा."

"मी नाही सांगणार. तुझं आयुष्य आहे. फक्त एक सांग, फोन केलात तेव्हा त्या लोकांना तुम्ही काय शब्द दिला होता?"

"की त्यांचं नाव कुठेही जाणार नाही. ते नाहीच जाणार."

"पण हा शब्द छापला गेला की फोन ऐकणाऱ्यांना त्यांना ओळखायला नाव लागेल का?"

ती पायरीवर बसली. मला तिच्याकडे बघवेना. तिच्या आईनं मला रोज फोन करून विचारावं, पोरगी जेवली का, अशी ती मुलगी. तिचं नुकसान व्हावं असं मला का वाटेल? पण साडेआठशे माणसांनी, कोण ऐकतंय हे माहीत असून फोन उचलला होता. पलीकडच्या माणसाला कळेल, एवढ्या भरवशावर ती माणसं बोलली होती. मी मनात नामस्मरण करत चहा गाळला आणि कप तिच्याशेजारी ठेवला.

चहा गार झाल्यावर ती म्हणाली, "खोटा आकडा तर मी देणार नाही. आणि त्यांचा शब्दही नाही."

शुक्रवारी अहवाल गेला. त्यात दीड पान होतं: या प्रश्नावरून विश्वास मोजता येत नाही, सबब हा आकडा आम्ही मागे घेत आहोत. खरं कारण तिनं प्राध्यापिकेला समोरासमोर सांगितलं, दीड मीटर अंतर राखून, वाल नदीच्या काठावर चालता चालता. बाईंनी म्हणे दोनदा हातातली सायकल थांबवली. मग म्हणाल्या, प्रबंधातलं एक प्रकरण गेलं तुझं, पण नवा प्रश्न तयार कर, मी मुदतवाढीसाठी लिहिते. सहा महिन्यांची मुदत मिळाली. त्यापुढचं अजून काही ठरलेलं नाही.

इथे मी 'वाढला' लिहिलं आहे तो शब्द आपला आहे. त्यांचा निराळा आहे, आणि तो प्रश्नात कसा शिरला तेही मी थोडं बदलून सांगितलं आहे.

नव्या प्रश्नात सरकार नव्हतंच. वल्लरीनं तो चार वेळा खोडून लिहिला: अडचण आली तर तुम्ही कुणाचं दार वाजवाल? जूनमध्ये फोन सुरू झाले. पहिल्या आठवड्यातच फोन करणाऱ्या मुलींची तक्रार आली की वेळापत्रक कोलमडलं. सहा मिनिटांचा फोन वीस मिनिटं चालतोय, लोक ठेवतच नाहीत.

पहिली उत्तरं आली ती आम्ही दोघींनी मागच्या अंगणात बसून वाचली. एका बासष्ट वर्षांच्या बाईंनी सांगितलं होतं: तिसऱ्या मजल्यावरचीचं दार. आमचं वीस वर्षं वैर. मी तापानं पडले तेव्हा तिनं दाराशी सूप ठेवलं, घंटा वाजवली आणि पळून गेली. भांडं परत द्यायला गेले तर म्हणाली, राहू दे, उद्या पुन्हा लागेल.

वल्लरी हसायला लागली. मग खालची ओळ तिनं मला वाचून दाखवली. ती फोन करणाऱ्या मुलीनं स्वतःहून लिहिलेली टीप होती: बाई विचारत होत्या, पुन्हा कधी फोन कराल?