झाडलेली वाट

सकाळी सहा ते अकरा, या पाच तासांत धनेशाचा नर एकदाही आला नाही. एरवी तेवढ्या वेळात त्याच्या पाच-सहा फेऱ्या होतात. गळ्यात रानअंजिरं भरून आणतो, ढोलीच्या फटीपुढे येतो आणि एकेक फळ घशातून वर काढून आतल्या मादीच्या चोचीत देतो. माझ्या वहीत अकरा वर्षांच्या फेऱ्या लिहिलेल्या आहेत. सकाळच्या रकान्यात शून्य मी कधीच लिहिलं नव्हतं.

ज्यांनी धनेश पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. अंडी घालायच्या वेळी मादी झाडाच्या ढोलीत शिरते आणि आतून तोंड लिंपून घेते. चोच जाईल एवढीच फट ठेवते. मग आत बसून पंखांची पिसं गाळते, म्हणजे तीन महिने तिला उडायचा प्रश्नच नाही. बाहेरच्याने आणलं तर खायचं, नाहीतर उपाशी. बाईने नवऱ्यावर इतकं विसंबून राहू नये असं माझं मत आहे, पण धनेशिणीला कोण सांगणार? आणि सध्या आत पिल्लूही होतं. दोघांचा जीव त्या एका नरावर होता.

मी या अभयारण्यात वनरक्षक आहे. माझ्याआधी माझे बाबा होते. ढोलीपासून चाळीस पावलांवर फांद्यांचा एक आडोसा आहे, तिथे बसून मी फेऱ्या लिहिते. झाडाखाली जात नाही. त्या दिवशी अकरा वाजता मात्र उठले आणि गेले.

फटीसमोर एक आडवी फांदी होती. नर आधी तिच्यावर उतरायचा, मान वळवून चारही बाजू बघायचा आणि मगच फटीकडे जायचा. ती फांदी खाली पडली होती; आडोशातून फट तेवढी दिसते, फांदी पानांआड जाते, म्हणून बसल्या जागी मला कळलं नव्हतं. कापलेला भाग अजून पांढरा आणि ओलसर होता. शेजारी मातीत कॅमेऱ्याच्या स्टँडचे तीन खड्डे, संत्र्याची सालं आणि एक चुरगळलेला कागदी रुमाल. काल माझी सुट्टी होती. सुट्टीच्या दिवशी ढोलीवर कोणी नसतं, कारण ती जागा बाबांच्या मागे फक्त मला ठाऊक होती. निदान मी तसं समजत होते.

मी फांदी उचलून पाहिली. कोयत्याचे दोन घाव, डावीकडून तिरपे, आणि मग हाताने मोडलेली. असं लाकूड तोडणारा डावखुरा माणूस माझ्या ओळखीत एकच आहे. माझा धाकटा भाऊ. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो दांडा आमच्याच घरातला निघाला.

फांदी खांद्यावर टाकून मी डोंगर उतरले. फाटकाजवळ धाकट्याचं सहा खोल्यांचं गेस्टहाउस आहे. अभयारण्य बघायला येणारे बहुतेक तिथेच उतरतात. त्यातले काही खरंच पक्ष्यांसाठी येतात, पहाटे उठतात, हळू बोलतात. बाकीचे मला विचारतात, "बाई, इथले पक्षी कुठे ठेवलेत?" मी त्यांना फाटकावरचा फलक दाखवते. त्यावर रंगवलेला धनेश कोणाला बघून उडत नाही.

जेवणाच्या खोलीत सगळी टेबलं एकत्र ओढलेली होती. मध्ये लॅपटॉप, आणि त्याच्यापुढे तोफवाला. हे नाव मी त्याला आठवड्यापूर्वी ठेवलं होतं, कारण त्याच्या कॅमेऱ्याची लेन्स तेवढी होती. पडद्यावर आमची ढोली दिसत होती. फटीतून आलेली मादीची चोच, चोचीवरची रेघनरेघ. फोटो सुंदर होता, त्याने तर मी आणखीच भडकले. धाकटा पाहुण्यांना चहा देत होता.

मी फांदी टेबलावर आपटली. दोन कप पडले.

"ताई, अगं काय हे?" धाकटा म्हणाला.

"तेच मी विचारतेय. काय हे?"

तो फांदीकडे बघत राहिला. तोफवाल्याने लॅपटॉप आधी चहापासून वाचवला, मग म्हणाला, "फ्रेममध्ये येत होती हो. एक फांदी तर आहे. जंगलात फांद्यांना काय तोटा?"

"नर कधी आला होता?"

"तोच तर वांधा झाला. आम्ही काल दुपारभर बसलो, आज पहाटेही तुम्ही यायच्या आधी तासभर बसून आलो. दोनदा वरून घिरट्या घालून गेला, उतरलाच नाही. मोबाइलवर त्याचा आवाजसुद्धा लावून बघितला."

म्हणजे परक्या नराचा आवाज. त्याच्याच दारात, त्याची बायको आत कोंडलेली असताना.

"जागा कोणी दाखवली?" मी धाकट्याकडे बघून विचारलं.

"आईची शपथ, मी नाही," तो म्हणाला. "मला तरी कुठे माहीत होती?"

"त्यांच्यावर कशाला रागावता?" तोफवाला म्हणाला. "अख्ख्या डोंगरावर पानांचा खच पडलाय आणि एकच वाट लख्ख झाडलेली. म्हटलं, इथे रोज कोणीतरी जातंय. सरळ चालत गेलो तर समोर झाड."

खोलीत कोणीतरी हसलं.

ती वाट मी झाडते. वाळक्या पानांवर पाऊल पडलं की इतका आवाज होतो की नर पन्नास पावलांवरून उडतो. म्हणून बाबा रोज पहाटे खराट्याने वाट साफ करायचे. पण ते मोठ्या खडकाच्या पलीकडून झाडायला सुरुवात करायचे. अलीकडची वाट पानांनी भरलेली ठेवायचे. कितीदा सांगितलं होतं, "खडकाच्या अलीकडे खराटा लावायचा नाही." मी नऊ वर्षं ते पाळलं. मग माझा हात शिवशिवायला लागला. अर्धी वाट स्वच्छ आणि अर्धी घाण, हे मला बघवेना. गेली दोन वर्षं मी थेट मुख्य रस्त्यापासून झाडत होते. तोफवाल्याला पायघड्या मीच घातल्या होत्या. एवढं कळूनही त्याच्यावरचा माझा राग तसूभर कमी झाला नाही. फक्त आता तो दोन ठिकाणी वाटला गेला.

बाहेर येऊन मी साहेबांना फोन केला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"लेखी द्या," ते म्हणाले. "आणि आपण तिथे फलक लावू. 'पुढे धनेशाचे घरटे आहे, जाऊ नये.' बाणासकट."

"बाण नको, साहेब."

"बाणाशिवाय लोकांना कळणार कसं कुठे जायचं नाही ते?"

मी फोन ठेवला. धाकटा मागे येऊन उभा राहिला होता.

"दोराची गुंडाळी घे," मी म्हणाले. "आणि चार रिकामी पोती."

"पाहुण्यांचं जेवण..."

"पाहुण्यांना म्हणावं फोटो खा."

आम्ही चढ चढायला लागलो. खडकापाशी आल्यावर म्हणाला, "बाबांनी तुला दाखवलं, मला कधीच नाही. पस्तीस वर्षांचा झालो मी. आपल्या घरातलीच गोष्ट, आणि मला ती पाहुण्याच्या मागून चालत जाऊन कळली."

"तुझ्या पोटात काही राहत नाही म्हणून नाही दाखवलं."

"दाखवलं असतं तर राहिलं असतं. मला काय ठाऊक ती फांदी कशाची ते? त्याने म्हटलं तोड, मी तोडली."

त्याचं थोडं खरं होतं. पण खरं बोलायला त्याने वेळ चुकीची निवडली होती. "तोड म्हटलं की तोडायची? उद्या म्हणेल उडी मार," मी म्हणाले. "चढ आता."

धाकटा लहानपणापासून झाडावर माकडासारखा चढतो. दोर कमरेला बांधून तो वर गेला, मी खालून फांदी दोराला अडकवून दिली. जुन्या खुंटाशी ती त्याने तीन जागी आवळून बांधली आणि तिच्यावर भार टाकून बघितला. फट त्याच्या तोंडापासून हातभर अंतरावर होती. तो एकदम थांबला.

"काय झालं?" मी दबक्या आवाजात विचारलं.

तो खाली आला तेव्हा त्याचा चेहरा उतरला होता. "ती बघत होती माझ्याकडे," तो म्हणाला. "तिला वाटलं, तोच आलाय. चोच उघडली तिने."

मी दोर गुंडाळून ठेवला.

मग आम्ही पोती भरभरून पानं आणली आणि वाटेवर पसरली. मुख्य रस्त्यापासून खडकापर्यंत, खडकापासून आडोशापर्यंत, आडोशापासून झाडापर्यंत. अकरा वर्षांचं माझं काम दोन तासांत पानांखाली गेलं. आता जायची सोय माझीही उरली नव्हती. पुढे जायचं तर पाचोळा वाजणार, आणि नर आधीच बिथरलेला.

म्हणून आम्ही खडकामागे बसलो. तिथून झाड दिसत नाही. पण धनेशाच्या पंखांचा आवाज मोठा असतो, जुना पंखा फिरावा तसा, लांबून ऐकू येतो. संध्याकाळपर्यंत काही आलं नाही. दुसऱ्या दिवशी धाकटा न बोलावता आला. तोफवाल्याला त्याने सकाळीच खोली सोडायला लावली होती. मी त्याला शाबासकी दिली नाही. वरातीमागून घोडं.

दहाच्या सुमारास डोक्यावरून पंख गेले. धाकट्याने माझा हात धरला. झाडाच्या बाजूला आवाज थांबला आणि थोड्या वेळाने परत गेला.

"उतरला असेल?"

"माहीत नाही."

"बघून येऊ?"

"पाय मोडीन."

वहीत मी लिहिलं, आला, गेला. भरवलं की नाही, तो रकाना कोरा ठेवला. तिसऱ्या दिवशी चारदा आला, चारदा गेला. चार कोरे रकाने. मादी आत जिवंत आहे की नाही हे मला ठाऊक नव्हतं, आणि ते बघायला न जाणं एवढंच माझ्या हातात होतं. मी रात्री जेवले नाही, आणि आईने कारण विचारलं तर तिच्यावरही खेकसले.

चौथ्या दिवशी दुपारी नर जाऊन दहा मिनिटं झाल्यावर आम्ही उठलो. प्रत्येक पावलाला पाचोळा वाजत होता आणि प्रत्येक पावलाला मी स्वतःला शिव्या घालत होते. झाडाखाली पोचलो. आम्हीच पसरलेल्या पानांवर, फटीच्या बरोबर खाली, पांढरी ताजी विष्ठा पडली होती. मादी आतून फटीतूनच बाहेर टाकते. त्यात रानअंजिराच्या बिया होत्या, ओल्या. शेजारी एक लहान ठिपका होता, पिल्लाचा.

"काय?" धाकट्याने मागून विचारलं.

"हगलीये," मी म्हणाले. "दोघंही."

आणि मला रडू आलं. रागानेच आलं, दुसरं काही नाही. चार दिवस दाबून ठेवलेला राग होता, त्याला कुठून तरी बाहेर पडायचं होतं.

आम्ही चाळीस पावलं मागे आडोशात आलो. माझा खराटा तिथे तसाच टेकून उभा होता. मी तो उचलून धाकट्याच्या हातात दिला.

"तुझं अंगण झाड आता याने. इथे परत दिसायला नको."

"खराटा, का मी?"

मी वही उघडली. साचलेले सगळे कोरे रकाने भरले. मग तिथेच बसले आणि जरा सरकून त्याच्यापुरती जागा केली.

"तोंड उघडलंस तर बघ," मी म्हणाले.