कडक भाकरीचा आवाज

मित्रांनो, मी कर्नाटकातल्या आळंदचा एक जुना राखणदार आहे. अंगाने काळा, म्हणून नाव करिया. आता राखण कमी आणि ओट्यावरची झोप जास्त. पण रुबाब अजून तोच आहे, गल्लीतल्या मांजरांना विचारा.

पिल्लू असताना गंगव्वाने मला बाजारातल्या तुरीच्या पोत्यांमागून उचलून आणले. आमच्याकडे ज्वारीची भाकरी पातळ थापून, वाळवून कडक करून ठेवतात. गंगव्वाचे दात पडलेले. ती भाकरी दुधात भिजवायची, वर गूळ कुस्करायची आणि त्यातला अर्धा वाटा मला द्यायची. सणाला हुग्गी, म्हणजे गव्हाची गुळाची खीर. चावायचे कामच नाही! मी स्वतःला घरचा जावईच समजत होतो.

वर्षे गेली. दातांवर पिवळे किटण चढले, हिरड्या सुजल्या. एके दिवशी घास तोंडात धरवेना. मी ताटली हुंगून तोंड फिरवले.

“कामून खायनास रं? रुसलास व्हय?” म्हणत गंगव्वाने आणखी गूळ घातला. मला फार वाईट वाटले. ती माउली माझी समजूत काढत होती आणि मला कुठे दुखते ते सांगता येत नव्हते. मी जेवत नाही म्हणून तिनेही जेवण सोडले.

शेवटी तिच्या सुनेने, शैलश्रीने, माझे तोंड उघडले आणि नाकाला पदर लावला. दोघी मला जनावरांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या.

“अव्वा, मऊ अन् गोड खाऊन दातावर घाण बसायलीय,” डॉक्टर म्हणाले. “लाड करा, पण गूळ न्हाई.”

“माजे दात गेले,” गंगव्वा हळूच म्हणाली. “त्याला तरी चावायचा तरास नको म्हणलं.”

डॉक्टरांनी सडलेले दात काढले, उरलेले साफ केले. आता शैलश्री रोज ओल्या फडक्याने माझे दात पुसते. मी गुरगुरतो, पण चावत नाही.

मित्रांनो, दारच्या कुत्र्याला प्रेमाने खायला घाला. पण अधूनमधून त्याचे तोंडही उघडून बघा. आम्ही दुखणे बोलून दाखवू शकत नाही.

हिरड्या भरून आल्यावर गंगव्वाने माझ्यापुढे दही आणि कोरडी कडक भाकरी ठेवली. मी चावली. कर्रकन आवाज झाला. आपली भिजवलेली भाकरी हातात धरून ती ऐकत राहिली आणि हसली.

“वाजव रं करिया,” ती म्हणाली. “माज्या वाटची बी तूच चाव.”