एक्केचाळीस टक्के

मडिवाळप्पांनी चाळीस वर्षं सोलापुरी चादरींवर फुलं काढली. आधी चौकटीच्या कागदावर रंग भरून, पुढं संगणकावर. तीनशे बारा डिझाइनं त्या जुन्या संगणकात होती, आणि ती उघडणारा प्रोग्रॅम जुन्या विंडोजशिवाय कुणाला ओळख देत नसे. चिंचोळी एमआयडीसीत चादरींचा कारखाना असलेल्या सोमेशशेठला मात्र डिझाइनं नव्या प्रोग्रॅममधली हवी होती. सोमवारपर्यंत आली तर काकांची, नाहीतर बाहेरून तयार मागवणार. हे त्यानं इतक्या आदरानं सांगितलं की मडिवाळप्पांना ते लगेच खरं वाटलं.

भवानी पेठेत त्यांच्याच गल्लीत संघप्रियाचा कॉम्प्युटर क्लास होता. तिनं तोड काढली. डिस्कची वाटणी करायची, एका भागात जुनं विंडोज, दुसऱ्यात नवं. चालू करताना संगणकच विचारेल, कुठल्यात जायचं. मडिवाळप्पांना हे पटलं. ते स्वतः व्यवहार मराठीत आणि भांडण कानडीत करीत, त्यामुळं एका डोक्यात दोन कारभार हे त्यांना नवीन नव्हतं.

रविवारी सकाळी संघप्रिया आली. आल्या आल्या तिनं विचारलं, डिझाइनांची कॉपी काढलीय का. काकांनी पेन ड्राइव्ह पुढं केला. आदल्या दिवशी त्यांनी चष्मा पुसून, स्वतःच्या हातानं पडद्यावरचं डिझाइनांच्या फोल्डरचं पिवळं पाकीट त्यात टाकलं होतं. चष्मा पुसला होता म्हटल्यावर तिनं तपासलं नाही.

वाटणी सुरू झाली. पडद्यावर निळी पट्टी मुंगीच्या चालीनं सरकू लागली. एवढ्यात संघप्रियाच्या घरून फोन आला, पाणी आलं. पाचव्या दिवशी आलेलं पाणी. ती उठली, "काका, पट्टी भरेपर्यंत लाइट जाऊ देऊ नका," म्हणाली आणि गेली. यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

पाण्यानं मडिवाळप्पांचं घरही वगळलं नव्हतं. सुंदरम्मा दारात येऊन उभ्या राहिल्या. मोटार लावली की त्या घरात मिक्सरसुद्धा लावायचा नाही, फ्यूज उडतो, हे लहान पोरालाही ठाऊक होतं. यूपीएसची बॅटरी दोन उन्हाळ्यांपूर्वीच गेली होती. मडिवाळप्पांनी बायकोला अर्धा तास थोपवलं. तोवर गल्लीत सगळ्यांच्या मोटारी घुरघुरू लागल्या आणि यांच्या नळाची धार करंगळीएवढी झाली.

"पाच दिवस काय त्या डब्यातलं प्यायचं?" सुंदरम्मांनी संगणकाकडं बोट करून शांतपणे विचारलं.

पट्टी एक्केचाळीस टक्क्यांवर होती. मडिवाळप्पांनी तिच्याकडं पाहिलं, रिकाम्या बॅरलकडं पाहिलं. कधीकधी फ्यूज टिकतोही, असं त्यांना आठवलं. "पाचच मिनिटं," ते म्हणाले, आणि मोटारीचं बटण त्यांनीच दाबलं.

फ्यूज चार मिनिटं टिकला. बॅरल पाऊण भरलं.

संघप्रिया ओल्या बाह्यांनी परत आली, तेव्हा फ्यूजमध्ये नवी तार होती, बॅरल काठोकाठ भरलं होतं आणि काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती. ती वाचून तिनं पेन ड्राइव्ह आपल्या लॅपटॉपला लावला.

"काका, हा शॉर्टकट आहे. यात काहीच नाही."

गावाच्या नावाची पाटी उपटून आणावी आणि गाव आणलं म्हणावं, तसं झालं होतं. दुपारभर खटपट करून तिनं डिस्कमधून अकरा डिझाइनं उकरून काढली. एकातल्या मोराला चोच नव्हती, बाकी दहांत तर मोरही नव्हता. संध्याकाळपर्यंत दोन्ही विंडोज मात्र झकास बसली. संगणक नम्रपणे विचारू लागला, कुठल्यात जायचं. जुन्यात गेलं तर काही नव्हतं. नव्यातही नव्हतं.

घरात त्यांच्या हातची एकच चादर उरली होती, मोगऱ्याच्या वेलाची. निदान तो वेल तरी पुन्हा उतरवून घ्यावा म्हणून मडिवाळप्पांनी चौकटीचा कागद घेतला, भिंग घेतलं आणि ट्रंक उघडली. ट्रंक रिकामी होती. पाणी मुबलक आलंय म्हणून सुंदरम्मांनी चादर धुऊन गच्चीवर टाकली होती.

ते वर गेले आणि ठिबकत्या चादरीला नाक लावून धागे मोजू लागले.

"वाळल्यावर मोजा की," सुंदरम्मा म्हणाल्या.

"सोमवार उद्याच हाय."

चौऱ्याहत्तरपर्यंत आले आणि वारा सुटला. चादर एकदा त्यांच्या तोंडावर आपटली. त्यांनी चष्मा पुसला, कडेला आणखी एक चिमटा लावला आणि परत एकपासून धरलं.