गजराची भाकर

“पोर उशिरा रडनी, कमल. हिन्हं समदं उशिरा व्हई. तू घाई करू नको.” गजराच्या जन्मावेळचा सुईण भुरीबाईचा तो आवाज कमलबाईच्या कानात अजून ओला होता. गजरा लग्नाच्या वयाची झाली, तरी घास आईच्याच हातून घेई.

एकसष्ट सालच्या हिवाळ्यात शहाद्याच्या दवाखान्यातल्या नर्स सरलाबाई ब्राह्मणपुरीला येऊ लागल्या. “एका वेळी एकच काम शिकवा,” त्या म्हणाल्या. मग कमलबाईनं एकेका कामाला ओवीची एकेक ओळ दिली. पीठ भिजलं, गोळा वळला, आणि एके सकाळी परातीत थाप पडली:

थाप दे भाकरीले, गजरा, दे वं दुसरी,
चांद व्हई गोल तिन्हा, कोर नको इसरी.

ओवी मात्र तिथंच थांबे. तव्याची ओळ कमलबाई गाईना. “चूल नको तिले,” एवढंच म्हणे. त्यामागचं कारण तिनं दातांखाली धरून ठेवलं होतं. ते उघडं झालं तर धाकट्या लेकीचं, रंजनाचं ठरत आलेलं लग्न मोडलं असतं.

ते स्थळ आणणारी नणंद जमनाबाई आज चुलीपाशीच बसली होती. “वहिनी, जल्मभर तूच घास भरावशी का तिले? तू मरशी तव्हय?”

“मी नही मरत. तुन्ही बडबड आयकाले कोन ऱ्हाई मंग?”

गजराशेजारी बसलेल्या सरलाबाई हसल्या. “चल गजरा, आज तव्यावर तूच टाक.”

गजरानं भाकर तळव्यावर तोलली, जाळाकडे वाकली. कमलबाईनं झडप घालून तिला मागं ओढलं. भाकर राखेत पडली.

“मन्ही भाकर!” गजरा कळवळली.

“बाई, तुमची भीतीच तिला पुढं जाऊ देत नाही,” सरलाबाई म्हणाल्या. “कारण असेल तर सांगा. नाहीतर उद्यापासून मी तिला चुलीशी बसवणार.”

कमलबाईनं नणंदेकडे पाहिलं. दारात उभ्या रंजनाकडे पाहिलं. गजरा राखेतली भाकर उचलून हलकेच फुंकत होती.

“मिरगी येस तिले, बाई,” कमलबाई म्हणाली. “दीड वरीस व्हयनं. कोनले सांगं नही मी. चुलामा पडी जाई म्हनीसन धरी ठेवस तिले. जमनाबाई, तूबी आयकी ले. रंजनानं लगीन ऱ्हायनं तं ऱ्हायनं. बाई, याले गोळी ऱ्हास ना? मन्ही पोरले द्या.”